नीरम

मासळीच्या पेटीचं थर्माकोल
तापलं की अजून सुरमईचा वास सोडतं.
दोन पेट्यांचे पंख, तिसरीची शेपटी,
मोटर कुरियरने आलेली.
एकूण सहाशे बारा ग्रॅम.
कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या काट्यावर
पोरं जेवायला गेली तेव्हा मोजून घेतलं.

कातवणच्या सड्यावर सकाळचे साडेनऊ.
मतलई दमलीय, खारा वारा अजून उठला नाही,
मधला हा अर्धा तास कुणाचाच नसतो.
काठीला बांधलेला जाळ्याचा दोरा
सरळ खाली लोंबतोय.

बाबलमामा कातळावर बसलाय.
फार वेळ उभा राहत नाही तो.
दोन वर्षांपूर्वी कानाच्या आत काहीतरी हललं,
तेव्हापासून जमीनच डुलते म्हणतो,
होडी बरी, ती निदान सांगून डुलायची.
तांडेलकी सुटली.
वर तर बघायचंच नाही,
बघितलं की आभाळ गरगरत खाली येतं.

पंखांखाली स्केचपेनचे दोन ठिपके,
पुढच्या कडेपासून पाच सेंटिमीटर मागे.
ठिपक्यांवर दोन बोटं टेकवायची
आणि श्वास धरून उचलायचं.
नाक वर गेलं. शेपटी बसली,
म्हशीने बसकण मारावी तशी.

"बरां आसा की," मामा म्हणतो,
"नाळ वर व्हयी. नाळ खाली गेली काय लाट भुतूर."
मी सांगते, हिला लाट नाही मामा,
नाक वर राहिलं तर वेग मरतो,
मग हवा पंखावरून सुटते
आणि उरतो नुसता दगड.
तो ऐकतो. खिशात हात घालतो,
पागाच्या शिशाच्या गोळ्या काढतो,
खारवलेल्या, दातांनी चिमटलेल्या.
"मगे नीरम घाल. येवड्यासाठी येवडां भाषण?"

बॅटरी बोटभर पुढे.
एक गोळी. नाही.
दुसरी.
तिसरीला नाक झुकलं,
बुटक्या दाराच्या देवळात शिरताना
माणूस झुकतो तितकंच.

मग आडवा तोल.
पुढून मोटरचा आस, मागून शेपटी, मधे सगळं अधांतरी,
आणि डावं अंग उतरतंय.
गेल्या रविवारी काजूत पडली होती,
त्या जखमेतला गोंद वजन धरून बसलाय.
मी उजव्या टोकाला रुपया चिकटवते.
मामा तळहातावर पंख घेतो, डोळे मिटतो.
"कमी पडतलो."
मी म्हणते, पुरे.

रिमोटची दांडी उजवीकडे,
उजवी पट्टी वर, डावी खाली.
हे मी तीनदा बघते.
पहिल्या खेपेला तारा उलट्या जोडल्या होत्या.
तेव्हाही ती माझं ऐकत होती, अगदी मनापासून,
फक्त आरशातून.
चाळीस पावलं मागे जाऊन पुन्हा तेच.
टिटवीला हे सगळं अजिबात पसंत नाही.

सोडणार कोण? माझे दोन्ही अंगठे दांड्यांवर.
मामा काठी रोवून उठतो,
थोडा थांबतो, जमीन जागेवर येऊ देतो.
"पाग टाकतोस तसं नको हं," मी म्हणते,
"कमरेतून फिरवायचं नाही. समोर, सपाट.
टाकायचं नाही, जाऊ द्यायचं."
"म्हायत आसा," म्हणतो.
नसतं. पण हाताला असतं.

गेली.
जरा बुडाली, माझ्या पोटात कळ आली,
मग सावरली, सुरूंच्या माथ्यांवर चढली,
पलीकडे समुद्र एकदम तिच्या खाली आला.

मी वर बघतेय.
मामा काठीवर टेकून खाली बघतोय,
कातळावरून धावणारी सावली,
सुक्या गवतावरून, डबक्याच्या वाळल्या खळग्यातून,
टिटवीच्या अंगावरून.
आणि ओरडतो,
"डावो पाख जड आसा गो अजून!
सांगललंय मा, रुपयान भागूचा नाय!"

माझा अंगठा मघापासून,
माझ्या नकळत,
किंचित उजवीकडे दाबलेला.